पंचनाम्याआधी घंटा वाजवा!

वादळाच्या आधी आमच्या गावात कोणीही येत नाही. वादळानंतर मात्र सगळे येतात. पहिल्या दिवशी तलाठी येतात. (त्यांना २०२४ सालापासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे. नाव लांबले, पिशवी तीच राहिली.) दुसऱ्या दिवशी शेतीखात्याचा माणूस येतो. तिसऱ्या दिवशी पुढारी येतात. पाय चिखलात भरू नयेत म्हणून ते बांधावर उभे राहतात, झोडपलेल्या गव्हाची एक ओंबी हातात घेतात आणि छायाचित्र निघेपर्यंत तिच्याकडे मोठ्या दुःखाने पाहत राहतात. मग पंचनामा होतो. किती पत्रे उडाले, किती झाडे पडली, किती गुरे दगावली, आणि एखाद्या वर्षी, किती माणसे गेली. रकाना, सही, शिक्का. तो कागद इतका नीटनेटका असतो की, सरकार या वादळाची वाटच पाहत होते की काय, अशी शंका यावी.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या सगळ्या मंडळींपैकी एकाने जरी वादळाच्या अर्धा तास आधी गावात घंटा वाजवली असती, तर त्या कागदातला शेवटचा रकाना पुष्कळदा कोरा राहिला असता.

संपादकांनी माझ्याकडे कथा मागितली होती. एखादी हलकीफुलकी, घरातल्या सगळ्यांना वाचता येईल अशी. ती न देता हे भांडण मी त्यांच्या दारात आणून टाकले आहे, आणि ते त्यांनी छापले याबद्दल त्यांचे आभार मानतो. आता कोणी म्हणेल, चैत्र-वैशाखातल्या वादळाची रड दिवाळीत कशाला? वाचकहो, चकलीचा तुकडा मोडता मोडता जरा हिशेब करा. आठ-पंधरा दिवसांत तुळशीचे लग्न लागेल. ते लागले की घरोघरी पत्रिका बाहेर निघतील, मुहूर्त पाहिले जातील, आणि त्यांतले निम्मे मुहूर्त एप्रिल-मे महिन्यांतले असतील. मांडव उघड्या रानात, लोखंडी खांबांवर, वर पत्रे किंवा ताडपत्री. वेळ गोरज. म्हणजे ज्या महिन्यात आणि ज्या प्रहरी आपल्या आकाशात वीज सर्वांत जास्त नाचते, नेमक्या त्याच महिन्यात आणि त्याच प्रहरी आपण दोन-दोन हजार माणसे लोखंडाखाली गोळा करतो. पत्रिकेतला मंगळ पाहायला आपल्याला सवड आहे. डोक्यावरच्या ढगाकडे पाहायला नाही.

सुरुवातीलाच मला एका शब्दाशी भांडायचे आहे. तो शब्द म्हणजे 'अवकाळी'. काळ नसताना आलेला, तो अवकाळी. शब्द किती सोयीचा आहे पाहा! पाहुणा न कळवता आला, तर जेवण तयार नव्हते म्हणून यजमानाला कोण दोष देईल? पण हा पाहुणा दर वर्षी येतो हो! फाल्गुनात गारा घेऊन येतो, चैत्र-वैशाखात वारा आणि वीज घेऊन येतो. आमच्या आजोबा-पणजोबांनी त्याला 'वळीव' असे नाव ठेवले होते. ज्याला घरचे नाव ठेवले आहे, तो परका कसा? खरोखर अवेळी पडणारा पाऊस असतो. मार्गशीर्षात पडतो तो. त्याला खुशाल अवकाळी म्हणा. पण वैशाखातल्या दुपारी पडणाऱ्या पावसाला जो अवकाळी म्हणतो, त्याला आपली बेफिकिरी पंचांगाच्या माथी मारायची असते.

हा वळीव येतो कसा, हे आता गुपित राहिलेले नाही. चैत्रात जमीन तापते. तापलेली हवा वर चढू लागते. विदर्भावरून मराठवाड्यावरून थेट दक्षिणेकडे एक रेघ ओढावी, तशा रेषेवर दोन बाजूंचे वारे या दिवसांत एकमेकांना भेटतात, आणि बंगालच्या उपसागरावरचा ओलावा आमच्या वावरापर्यंत आणून सोडतात. ओलावा आणि उष्मा यांची गाठ पडली की ढग नुसता पसरत नाही, उभा वाढतो. दुपारी दोनला कापसाच्या बोंडाएवढा दिसणारा ढग चारच्या सुमारास दहा-बारा किलोमीटर उंच होतो, आणि त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरतो. अशा एका ढगाचे आयुष्य पुष्कळदा तासाभराचेच असते. फाल्गुनात वायव्येकडून थंड हवा वरच्या थरात घुसली, तर त्याच ढगात पाण्याचे गोळे गोठतात, खालून वर चढणारा वारा त्यांना झेलत राहतो, आणि झेलवेनासे झाले की ते आपल्या गव्हावर येऊन पडतात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत हेच झाले. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, दोन आठवड्यांहून अधिक काळ मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्र यांना गारांनी झोडपले. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे, डाळिंबे, संत्री, सगळे मातीत गेले. गारा म्हणजे पोरांनी वेचून खायची मौज, असे ज्यांना अजून वाटते, त्यांनी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादची गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे १८८८ च्या ३० एप्रिलला पडलेल्या गारांनी २४६ माणसे मेली.

आता वेधशाळेचा मुद्दा. वेधशाळेची थट्टा हा आपल्याकडे विनोदाचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. ज्याला दुसरे काही सुचत नाही, तो वेधशाळेवर बोलतो. 'पाऊस पडणार म्हणतात ना? मग छत्री घरीच ठेवा!' असे म्हटले की पान खाणारे चार जण हसतातच. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. हवामानशास्त्रातले मला काय कळते, असे कोणीही विचारावे. पण वाचता येते, आणि जे छापले आहे त्याचा अर्थ मुलांना समजावून सांगणे हा माझा धंदाच आहे. म्हणून 'तुरळक ठिकाणी' या दोन शब्दांचा अर्थ मी एकदा शोधून काढला. थट्टा करणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना तो ठाऊक नसतो. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे त्या भागातल्या चारांतल्या एका किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. चारांतली तीन केंद्रे कोरडी राहणार, हे त्यांनी आधीच सांगितलेले असते! तुमचे गाव कोरडे राहिले तर अंदाज चुकला कुठे? तुम्ही वाचला नाही, एवढेच. तीच गोष्ट रंगांची. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता उठा आणि हालचाल करा. चौकातल्या दिव्याचे रंग आपल्याला कळतात (पाळत नाही, ही गोष्ट वेगळी), मग आकाशाचे का कळू नयेत?

भारताचे हवामान खाते १८७५ सालचे. २०२५ साली त्याला दीडशे वर्षे झाली. त्याचे मुख्य ठाणे १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. पुढे मुख्य कचेरी दिल्लीला गेली, तरी पुण्याचे महत्त्व गेले नाही. तिथल्याच पाषाणला, १९६२ साली स्थापन झालेली, उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी मोठी संस्था आहे. तिने विजेची नोंद घेणारी यंत्रे बसवली, आणि तुमच्यापासून वीस किंवा चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर सावध करणारे 'दामिनी' नावाचे अ‍ॅप काढले. २०२५ च्या मे महिन्यात तिथेच तयार झालेली, सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी नवी पद्धत देशाला अर्पण झाली. सहा किलोमीटर म्हणजे काय? आमच्या गावापासून आठवडी बाजाराएवढे अंतर! आणि २०२४ च्या ऑक्टोबरात तर प्रत्येक ग्रामपंचायतीला तिच्यापुरता अंदाज देण्याची योजना सुरू झाली. तेव्हा पुणे झोपले आहे, दिल्ली झोपली आहे, असे म्हणायला मी तयार नाही.

म्हणून माझा राग पुण्यावर नाही, याचा अर्थ सगळ्यांना माफी आहे असे मात्र समजू नका. २०१८ पासून देशातल्या जवळजवळ दोनशे जिल्ह्यांत, कृषी विज्ञान केंद्रांच्या आवारात, जिल्ह्यापुरता अंदाज शेतकऱ्याच्या भाषेत उलगडून सांगणारी छोटी केंद्रे उघडली होती. हवामानाचे शास्त्र आणि शेताचा बांध यांच्यामधला तो एक दुवा होता. २०२४ च्या मार्चमध्ये ती बंद करण्यात आली. मार्चमध्ये! गारांच्या हंगामात! घर पेटण्याच्या दिवसांत विहिरीचा दोर कापण्याला कोणते शहाणपण म्हणतात, ते मला कळत नाही. दुसरी गोष्ट आपल्या राज्याची. २०१७ पासून महाराष्ट्रात महसूल मंडळागणिक एक, अशी दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. वारा, पाऊस, उष्मा, दमटपणा, सगळे ती टिपतात. पण गावातल्या माणसाला विचारा की, हे पांढरे यंत्र कशासाठी? तो सांगेल, 'पीकविम्यासाठी.' आणि त्याचे खोटे नाही. नुकसान झाल्यावर पाऊस किती पडला होता याचा वाद मिटवायला ते यंत्र उपयोगी पडते. वारा किती वेगाने येतो आहे हे त्या यंत्राला कळते, विमा कंपनीलाही पुढे कळते. ज्याच्या पत्र्यावर तो वारा येणार त्याला कळत नाही.

रडारचेही असेच आहे. नागपूरचे रडार फार चांगले, परंतु पृथ्वी गोल आहे हे आपण चौथीच्या पुस्तकात शिकवतो आणि नंतर विसरतो. रडारची शलाका सरळ जाते, जमीन तिच्याखालून वाकत जाते. नागपूरहून निघालेली शलाका अकोल्याच्या वर येईपर्यंत जमिनीपासून चार किलोमीटरहून अधिक उंच गेलेली असते. तिला ढगाचा माथा दिसतो, ढगाच्या पोटाखालून सुटलेला वारा दिसत नाही. म्हणून वरून येणारा संदेश जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा असतो, आणि तो फार तर तीन तास आधी येतो. ढगाचेच आयुष्य तासाभराचे. यापुढे शास्त्राने आणखी किती धावायचे? उरलेले अंतर गावानेच तोडायला हवे.

आणि ते आपण कसे तोडतो? एक दुपार सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, सालही सांगत नाही. माझ्याकडे चौथीपर्यंत शिकलेला एक मुलगा, वय चौदा, वैशाखात शेळ्या घेऊन माळावर गेला होता. शिकताना पाढ्यांत कच्चा, पण शेळ्या मोजण्यात कधी चुकला नाही. दोन चाळीसला विजांचा इशारा आला. तो कोणाच्या तरी मोबाईलवर आला, तिथून गावाच्या समूहात टाकला गेला. समूहात अडीचशे माणसे. इशाऱ्याच्या वर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, खाली 'शुभ दुपार' आणि गुलाबाचे फूल. तीन वीसला वीज पडली. तो बाभळीखाली होता, शेजारी दोन शेळ्या. मधली चाळीस मिनिटे कोणाची होती, एवढेच मला विचारायचे होते. पुढे संबंधित कचेरीत जाऊन मी ते विचारले. साहेब सौजन्याने वागले. म्हणाले, "गुरुजी, आम्ही मेसेज फॉरवर्ड केला होता." मी म्हटले, "कोणाला?" म्हणाले, "सगळ्यांना." मुलाच्या बापाला मी हे सांगितले, तेव्हा तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरी तसला फोन नाही जी."

'सगळ्यांना' कळवले म्हणजे कोणालाच कळवले नाही, हे कोतवालाला ठाऊक होते. म्हणून तो डफ घेऊन गल्लीगल्लीतून दवंडी पिटत जायचा. मोबाईल आला आणि दवंडी गेली. डफाचा आवाज बहिऱ्यालाही जाणवायचा. मोबाईलचा आवाज आपणच बंद करून ठेवतो.

बापाला शासनाचे चार लाख रुपये मिळाले. लवकर मिळाले, हे मी मुद्दाम नमूद करतो. विजेने मेलेल्याच्या वारसाला चार लाख आणि तेहतीस टक्क्यांहून अधिक पीक गेले तर पिकाला मदत, हे हिशेब आमच्या गावात पोरासोरांना पाठ आहेत. वीज चमकल्यावर काय करावे, हे मात्र थोरांनाही पाठ नाही. २०२२ या एका वर्षात विजेने आपल्या देशात २,८८७ माणसे मेल्याची सरकारी नोंद आहे. त्याच्या आदल्या वर्षी २,८८०. आकडा जणू कोणी ठरवून दिल्यासारखा जवळपास तेवढाच! आणि मेलेल्यांत बहुतेक कोण? शेतात खुरपणारी बाई, गुरांमागचा पोर, झाडाखाली भाकरी सोडून बसलेला गडी. पक्क्या घरात बसून वेधशाळेची थट्टा करणारा त्यांत क्वचित असतो.

इथे आमच्याकडचे वडीलधारे मान हलवून म्हणतात, 'ज्याची भरली त्याची भरली. आणि तो पोरगा पायाळू होता ना?' पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत मी लहानपणापासून ऐकतो आहे. विजेला जन्मकुंडली वाचता येत नाही, बाबांनो! तिला उंच वस्तू दिसते. माळावरचे एकटे झाड दिसते, आणि झाडावर पडलेली वीज तिथून शेजारच्या माणसावर उडी घेते, नाहीतर जमिनीतून पसरत जाते. चार पायांचे जनावर आधी मरते, कारण त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त. एवढे सोपे गणित आहे. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजा. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे, पक्क्या घरात नाहीतर बंद मोटारीत शिरा, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर आणखी अर्धा तास बाहेर पडू नका. हे दुसरीतल्या मुलाला शिकवता येते. तीसपर्यंतचे अंक त्याला येतातच. आणखी एक खुळी समजूत अशी की, वीज पडलेल्या माणसाला शिवू नये. त्याच्या अंगात वीज शिल्लक नसते. त्याला हात लावा. श्वास थांबला असेल तर छाती दाबून तो चालू करायचा प्रयत्न करा, आणि दवाखान्यात न्या. विजेचा तडाखा बसलेला प्रत्येक माणूस मरतोच असे नाही. पुष्कळ जण जगतात, मदत वेळेवर मिळाली तर.

अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला घटमांडणी होते. घागर, ढेकळे आणि धान्ये मांडून वर्षभराचा पाऊस, पिके आणि शिवाय राजकारण सांगितले जाते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ते ठळक मथळ्याखाली येते. मला त्या परंपरेची टिंगल करायची नाही. जुन्या लोकांना आभाळाखेरीज दुसरे पुस्तक नव्हते, आणि सहदेव-भाडळीच्या नावावर फिरणाऱ्या वचनांत शेतकऱ्याच्या डोळ्यांनी टिपलेले पुष्कळ काही आहे. राग येतो तो वाचणाऱ्याचा. बारा महिन्यांचे भविष्य तो चवीने वाचतो, शेजाऱ्याला सांगतो, त्यावर पैजा लावतो. आणि पुढच्या तीन तासांचा इशारा आला की म्हणतो, 'यांचे कधी खरे झालेय?' आता तर मोबाईलवर हवामानाचे नवे बुवा निघाले आहेत. अमुक तारखेला तमुक गावी गारा, असे ते पंधरा दिवस आधी छातीठोकपणे सांगतात. ज्या ढगाचा जन्मच दुपारी दोनला व्हायचा आहे, त्याचे बारसे हे पंधरा दिवस आधी उरकून मोकळे!

कोणी म्हणेल, घंटेने काय होणार? वादळ काय घंटेला भिते? याला उत्तर ओडिशाने दिले आहे. तिथे येणारी चक्रीवादळे आमच्या वळवाहून शेकडो पटींनी मोठी. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगाव माणसे शिकवून तयार केली, कोणी कोणाच्या दारावर थाप मारायची हे ठरवून ठेवले. २०१९ च्या मे महिन्यात 'फनी' आले तेव्हा बारा लाखांवर माणसे आधीच हलवली गेली, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. समुद्र तोच होता, वाराही काही सौम्य नव्हता. आता खरे आहे की, चक्रीवादळ चार दिवस आधी दिसते, त्याला नाव असते, त्याच्या मागे कॅमेरे धावतात. वळवाला नाव नाही आणि त्याच्याकडे फार तर तीन तास आहेत. पण म्हणूनच तर त्याच्यासाठी तयारी चार महिने आधी हवी!

तयारी म्हणजे काय, हे पाहायला लांब जायला नको. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारस येथे वादळवाऱ्यात एक जुने कडुनिंबाचे झाड देवस्थानाच्या पत्र्याच्या शेडवर कोसळले. पाऊस चुकवायला माणसे त्याच शेडखाली उभी राहिली होती. सात जण गेले. आपल्या गावातल्या जुन्या झाडांकडे उद्या सकाळी जाऊन पाहा. बुंध्याभोवती काँक्रीटचा पार, त्यावर फरशी, मुळांना श्वास घ्यायला जागा नाही; एका अंगाला वाळलेली, कीड लागलेली फांदी, आणि तिच्या नेमकी खाली बसथांबा. झाड तोडा असे मी म्हणत नाही. वाळकी फांदी उतरवा, पार मोकळा करा, आणि वादळात त्याच्याखाली थांबायचे नाही हे पोरांना सांगा. शहरातल्यांनी हसू नये. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला धुळीच्या वादळात पेट्रोलपंपावर जाहिरातीचा फलक पडला आणि सतरा माणसे मेली. एकशे वीस फूट उंच आणि तेवढाच रुंद! चाळीस फुटांची मर्यादा असलेल्या शहरात तो उभा होता आणि दिसला नाही कोणाला. ज्या हवेने तो पडला ती आमच्या वळवाचीच बहीण. ढगातून थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे धावत सुटते. तिला खेडे-शहर कळत नाही. सैल खिळा मात्र बरोबर सापडतो.

तेव्हा गावाने करायची गोष्ट फार खर्चाची नाही. कोणी तरी एका माणसाने फाल्गुन ते ज्येष्ठ रोज दुपारी बारापासून सात वाजेपर्यंत इशाऱ्याकडे लक्ष ठेवायचे, आणि इशारा आला की घंटा वाजवायची. घंटा आहे. शाळेत आहे. मौज अशी की, मे महिन्यात शाळेला कुलूप असते, आणि वादळाच्या ऐन भरात घंटा आत आणि गाव बाहेर! किल्ली कोणाकडे द्यायची एवढाच प्रश्न आहे. शाळेची नको असेल तर देवळाची घ्या. भोंगे तर आहेतच. देवळावर आहेत, मशिदीवर आहेत, आणि त्यांच्या आवाजावरून आपण दर वर्षी इतके भांडतो की, ते दूरवर ऐकू जातात याबद्दल कोणाचेही दुमत नसावे. एका भोंग्याने अर्धा मिनिट सांगितले की, 'विजा येत आहेत, रानातून घरी या,' तर त्याला हरकत घेणारा माणूस मला पाहायचा आहे. माळावर आवाज पोचत नसेल तर उंच काठीला लाल फडके लावा. गुराखी पोरांचे डोळे आपल्यापेक्षा चांगले असतात.

शाळेच्या छपरावर वीजरोधक बसवा. फ्रँकलिनने वीज म्हणजे काय हे १७५२ साली पतंगाने सिद्ध केले, आणि आमच्या कित्येक शाळांवर अजून तांब्याची पट्टी चढलेली नाही. बसवली तर ती चोरीला जाते, असे सांगतात. जाईलही. मग चोरावर लक्ष ठेवा. पोरांच्या डोक्यावरचे छप्पर उघडे ठेवणे हा चोरीवरचा उपाय कसा? पत्र्यावर दगड ठेवून वारा थांबत नाही. उडालेल्या पत्र्याबरोबर दगडही उडतो आणि दोन माणसांऐवजी चार जखमी होतात. पत्रे आकड्यांनी आवळा. आणि ज्यांच्या घरी वैशाखात कार्य आहे त्यांनी मांडववाल्याशी दराची घासाघीस करताना एक प्रश्न जास्त विचारावा: वारा आला तर कनाती सोडायला माणूस कोण थांबणार, आणि पाहुण्यांनी जायचे कोणत्या पक्क्या इमारतीत? आहेराच्या यादीइतकाच हा कागद महत्त्वाचा आहे. मुलीच्या आईला सांगून ठेवा; ती विसरणार नाही. बापाचा भरवसा मी देत नाही.

ही सगळी कामे सरकारने करावीत, असे म्हणून हात झटकायला मी तुम्हाला मोकळे सोडणार नाही. बंद केलेली जिल्हा केंद्रे पुन्हा उघडा, मंडळातल्या यंत्राचा आकडा विमा कंपनीबरोबर गावालाही कळवा, हे सरकारला बजावून सांगितलेच पाहिजे, आणि मी ते इथे सांगतो आहे. पण घंटेच्या दोरीला मंत्र्याचा हात लागायची वाट पाहिली, तर आणखी एक वैशाख जाईल.

२६ जानेवारीला झेंडावंदन झाले की ग्रामसभा असते. तोपर्यंत दिवाळीचा फराळ संपलेला असेल, गहू पोटरीत असेल, आणि पहिली गार पडायला अजून महिना असेल. त्या सभेत उभे राहा. रस्ता, गटार, घरकुल यांचे बोलणे होऊ द्या. मग विचारा, या वर्षी विजेचा इशारा आला तर घंटा कोण वाजवणार? 'सगळे वाजवू' असे उत्तर आले तर खाली बसू नका. एक नाव मागा. तो परगावी गेला तर दुसरे कोण, तेही नाव मागा. किल्ली कोणाकडे, ते विचारा. आणि ती दोन्ही नावे इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय, त्याखाली सरपंचांची सही झाल्याशिवाय, चहा घेऊ नका.